उसाचा उतारा आणि प्रयोगशाळेतील लहानशी चक्की



गाळप हंगाम सुरू झाला की आपल्या सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो. देवळाच्या पारावर म्हणा, एस.टी.च्या थांब्यावर म्हणा, सोसायटीच्या ओट्यावर म्हणा, माणूस भेटला की विचारतो, "यंदा उतारा किती पडला?" आपल्या बिलाचा रुपया या आकड्याला बांधलेला आहे, तेव्हा असे विचारण्यात गैर काहीच नाही. पण उसाचे हे आकडे निघतात कसे, हे फार थोड्या सभासदांना ठाऊक असते. वजनकाटा सर्वांनी पाहिलेला आहे, गव्हाण पाहिलेली आहे, साखरेची पोती पाहिलेली आहेत. प्रयोगशाळेच्या दाराआड काय चालते ते मात्र कोणी पाहिलेले नसते. जे डोळ्यांनी पाहिलेले नाही, त्याच्यावर संशय लवकर बसतो.

म्हणून या अंकात प्रयोगशाळेतल्या एका लहान यंत्राची माहिती देत आहे. ना ते मिलसारखे अवाढव्य, ना बॉयलरसारखे गरजणारे. एका टेबलावर मावणारे हे यंत्र उसाचा, बगॅसचा किंवा पानाचा नमुना तपासणीपूर्वी बारीक करते. प्रयोगशाळेतले लोक त्याला कटर-ग्राइंडर म्हणतात. आपण सुरी-चक्की म्हणू. या चक्कीचे काम नीट झाले नाही, तर पुढची महागडी उपकरणेही खोटेच बोलतात. आणि त्या खोट्याचा आळ कोणावर येतो? तुमच्या-आमच्या उसावर! तो कसा, ते पुढे हिशेबानेच दाखवतो.

शितावरून भाताची परीक्षा केव्हा खरी?

एका एकरात समजा ४० टन ऊस उभा आहे. पक्वता पाहण्यासाठी आमचा कर्मचारी त्यातून दहा-बारा ऊस आणतो. म्हणजे ४० टनांतले फार तर पंधरा किलो. त्याचा कीस करून मिसळला की त्यातले काही ग्रॅम पुढे तपासणीला जातात. बगॅसचे प्रमाण तर याहून विलक्षण आहे. दिवसाला ४,००० टन गाळणाऱ्या कारखान्यातून साधारण २८ टक्के धरले तर १,१२० टन बगॅस बाहेर पडते, आणि तपासणीच्या भांड्यात त्यातली एक-दोन मुठी जाते. पानातला नत्र पाहायला तर अर्धा ते एक ग्रॅम पूड पुरते. चिमूटभरच म्हणा ना!

आपण म्हणतो, शितावरून भाताची परीक्षा. ती खरी ठरते, कारण टोपातला सगळा भात एका पाण्यात, एका आचेवर शिजलेला असतो. उसाचे तसे नसते. बुडखा गोड, शेंडा सपक. कांडे रसाळ, तर पेर कठीण आणि तंतुमय. वरची साल वेगळी, आतला गर वेगळा. त्यात पाचट आणि हिरवे वाढे राहिले असले तर ते निराळेच. अशा उसाचा कोणताही एक तुकडा उचलला, तर तो फक्त स्वतःबद्दल सांगेल, उरलेल्या उसाबद्दल नाही.

मग शीत भाताचा खरा प्रतिनिधी व्हावे तरी कसे? उपाय एकच. आणलेला सगळा नमुना इतका बारीक करायचा आणि इतका चांगला मिसळायचा, की कोठूनही चिमूट उचलली तरी तीत बुडखा, शेंडा, पेर, साल आणि गर आपापल्या प्रमाणात यावेत. मग तो ढीग चार सारख्या भागांत वाटायचा, समोरासमोरचे दोन भाग ठेवायचे, दोन बाजूला काढायचे. उरलेला ढीग पुन्हा मिसळून पुन्हा चार भाग. असे करीत करीत हवे तेवढे वजन हाती ठेवायचे. बारीक न करता ही वाटणी केली, तर एका भागात पेरे जास्त येतील आणि दुसऱ्यात गर.

सुरीच का? दगड का नको?

कोणी म्हणेल, बारीकच करायचे तर घरात जाते आहे, वायन आहे, मिक्सर आहे. पण दळणे, कांडणे आणि कापणे या तीन निराळ्या क्रिया आहेत. तांदूळ, उडीद ही कोरडी, ठिसूळ धान्ये दाबली की फुटतात. ऊस ओला आणि चिवट. तो दगडाखाली घातला तर आधी रस पिळून बाहेर येतो आणि दगडाला चिकटतो, मागे लगदा राहतो. रस एकीकडे, चोथा दुसरीकडे! दोन्ही ज्या प्रमाणात उसात होते, त्याच प्रमाणात एकत्र राहावेत, हाच तर बारीक करण्याचा हेतू. तोच फसला तर काय उरले?

सुरी-चक्कीत एका बंद पिंपात फिरता दांडा असतो आणि त्यावर कठीण पोलादाची पाती बसवलेली असतात. पिंपाच्या भिंतीला तशीच स्थिर पाती असतात. फिरते पाते स्थिर पात्याजवळून अगदी थोडी फट ठेवून जाते आणि मध्ये सापडलेला तंतू कात्रीत सापडल्यासारखा कापला जातो. तळाला ठरावीक छिद्रांची चाळण असते. तुकडा त्या छिद्रातून जाण्याइतका लहान होईपर्यंत आतच फिरत राहतो. आपल्याच कारखान्यात गव्हाणीपुढे मोठे कटर आणि फायब्रायझर उसाची जी तयारी करतात, तीच ही क्रिया, लहान प्रमाणावर. तेथे मिलला रस सोडवणे सोपे जावे म्हणून, येथे केमिस्टला खरा आकडा मिळावा म्हणून.

या यंत्राची नाडी म्हणजे पात्याची धार. आपल्या मालवणी घरात बोथट आडाळ्यावर कोवळा फणस चिरून पाहा. तो चिरला जात नाही, चुरडला जातो, आणि हात चिकाने भरतात. बोथट पात्याच्या चक्कीतही उसाचे तेच होते. तंतू कापला जाण्याऐवजी ओढला जातो, दाबला जातो, रस पिंपाला लागतो, घासाघाशीने आतला माल गरम होतो आणि पाण्याची वाफ उडते. नमुना आत घातला तेव्हा होता तसाच बाहेर आला, असे मग म्हणता येत नाही.

चाळणीबद्दल एक गोष्ट आपल्या आयाबहिणींना मुद्दाम सांगायला नको. मालवणी मसाला कांडला की चाळतात, आणि चाळणीवर राहिलेले पुन्हा कांडायला घालतात. टाकून देत नाहीत. टाकून दिले तर धण्याची टरफले आणि मिरचीची साल वगळली जाईल आणि मसाल्याची चव बदलेल. प्रयोगशाळेतही हाच नियम आहे. चाळणीवर राहते ती बहुधा साल आणि चिवट तंतू. ते झटकून टाकले, की नमुन्यातला तंतूचा अंश कमी दिसला आणि निकाल बिघडला. उरलेले सर्व पुन्हा चक्कीत जाऊन चाळणीखाली आलेच पाहिजे.

कोरडी आणि ओली चक्की

प्रयोगशाळेत या यंत्राचे दोन प्रकार असतात. पहिला पाणी न घालता चालणारा. ऑस्ट्रेलियातील जेफको बनावटीचे कटर-ग्राइंडर साखर प्रयोगशाळांत प्रसिद्ध आहे. दुसरा पाण्यासह चालणारा. आपल्याकडे रॅपीपोल या नावाने तो परिचित आहे. त्यात मोजून घेतलेला बगॅसचा नमुना आणि मोजून घेतलेले पाणी एकत्र घालतात. वेगाने फिरणारी पाती बगॅसचे तंतू फोडतात आणि आत अडकलेली साखर पाण्यात उतरते. भांड्याभोवती थंड पाणी खेळते ठेवलेले असते, म्हणजे आतले पाणी तापून उडून जात नाही. नंतर ते पाणी गाळून, स्वच्छ करून पोलरीमीटरमध्ये पाहतात. तेथे जो आकडा मिळतो, त्यावरून बगॅसमधील ‘पोल’, म्हणजे व्यवहारात बगॅसबरोबर वाया गेलेली साखर, काढली जाते.

साखरेच्या तपासणीच्या पद्धती जगभर सारख्या असाव्यात म्हणून इकुम्सा ही आंतरराष्ट्रीय संस्था १८९७ पासून काम करीत आहे. ऊस आणि बगॅस बारीक करण्याचा विधीही या पद्धतींचाच भाग आहे. आपल्याकडे कानपूरची राष्ट्रीय शर्करा संस्था आणि मांजरीची, १९७५ साली सहकारी कारखान्यांनी उभारलेली, आज वसंतदादांच्या नावाने ओळखली जाणारी संस्था येथे साखर कारखान्यांच्या केमिस्टांना हे शिक्षण मिळते.

गळती मिलची, आळ उसावर

आता मूळ मुद्द्याकडे येतो. हा भाग सभासदांनी सावकाश वाचावा.

उतारा म्हणजे गाळलेल्या उसाच्या वजनाशी तयार साखरेचे शेकडा प्रमाण. साखरेची पोती मोजून आणि उसाचे वजन करून तो निघतो. प्रयोगशाळेची चक्की बिघडली म्हणून पोती कमी होत नाहीत की वाढत नाहीत. तेव्हा "लॅबवाल्यांनी उतारा मारला" हा आरोप हिशेबाला धरून नाही.

पण उतारा कमी का आला, हे प्रयोगशाळाच सांगते. आणि गोम आहे ती येथे. उसात मुळात साखर किती होती हे आपल्याकडे बहुतेक ठिकाणी थेट मोजले जात नाही. ते बेरजेने काढतात. मिश्र रसातून आलेली साखर अधिक बगॅसमधून गेलेली साखर, बरोबर उसातील साखर. रसाचे वजन आणि तपासणी होते. बगॅसमधील साखर चक्कीतल्या नमुन्यावरून येते. आता चक्की बोथट आहे किंवा घाईने लवकर थांबवली, म्हणून बगॅसचे तंतू पुरते फुटले नाहीत असे समजा. आतली काही साखर तंतूतच अडकून राहील, पाण्यात उतरणार नाही. आकडा कमी येईल.

पाटीवर मांडून पाहू. हे आकडे केवळ उदाहरणाचे आहेत.

समजा हंगामात ५ लाख टन ऊस गाळला. बगॅस २८ टक्के, म्हणजे १ लाख ४० हजार टन. त्यात साखर खरोखर २.५ टक्के गेली, म्हणजे ३,५०० टन. पण प्रयोगशाळेत आकडा आला २.० टक्के, म्हणजे २,८०० टन. फरक पडला ७०० टनांचा. हे ७०० टन गेले कोठे? बॉयलरमध्ये बगॅसबरोबर जळाले. पण कागदावर ते कोठेही नाहीत. बेरजेतच धरलेले नसल्याने ते मुळात उसात नव्हतेच, असे कागद म्हणतो. उसातील साखर खरी १३.०० टक्के असेल तर कागदावर १२.८६ टक्के लागते. मिलचे काम मात्र कागदावर झकास दिसते.

पुढे काय होते, ते तुम्हीच ताडा. उतारा कमी आला, मिल तर उत्तम चालली, मग दोष कोणाचा? "ऊसच हलका होता." जात बरोबर नव्हती, खताचा हप्ता उशिरा दिला, पाणी जास्त झाले, कोकणच्या हवेत साखर धरत नाही! शेतकऱ्याने वर्षभर राबून पिकवलेली साखर चिमणीतून धूर होऊन गेली, आणि बोल त्याच्याच शेताला लागला. रोलर घट्ट करणे, मिलवर पाणी योग्य मारणे, ऊस अधिक चांगला फोडणे, हे खरे उपाय राहिले बाजूला.

त्यातली काही साखर शेवटी मळीत जाणारच, हे धरूनही अशी गळती वेळीच ओळखून थांबवली तर उताऱ्यात सुमारे ०.१ टक्क्याची भर पडू शकते. या ०.१ टक्क्याची किंमत काय? केंद्र सरकारने २०२५-२६ च्या हंगामासाठी उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, म्हणजे आपली एफ.आर.पी., १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये ठरवला. त्याच्या वर दर ०.१ टक्क्याला क्विंटलमागे ३.४६ रुपये वाढ दिली, आणि खाली साडेनऊ टक्क्यांपर्यंत त्याच हिशेबाने घट. टनाला झाले ३४ रुपये ६० पैसे. साठ टन ऊस घालणाऱ्या सभासदाला २,०७६ रुपये. लहान शेतकऱ्याच्या घरात एवढ्या रकमेत पोरांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च निघतो.

"तोंडात साखर, कारखान्यात पाणी" असे का?

घाटाखालच्या गावांत बैठकीला गेलो की एक प्रश्न हमखास येतो. "सायबानु, माझो ऊस तोंडात घातलंय तर साखर, मगे कारखान्यात गेल्यार तेचा पाणी कसा जाता?" प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर याच विषयात आहे.

आपण खातो तो ऊस सोलून, मधले-खालचे चांगले कांडे पाहून. कारखान्यात जातो तो साल, पेर, शेंडा आणि राहिले असेल तेवढे पाचट धरून सगळा. सालीत आणि पाचटात तंतू जास्त. पाचटात साखर नाहीच, उलट मिलमध्ये ते रस शोषून घेऊन बगॅसबरोबर बाहेर नेते. हातातला रिफ्रॅक्टोमीटर किंवा प्रयोगशाळेतला छोटा चरक फक्त रसाचे सांगतो. चरकात प्रथम निघणारा रस जास्त गोड असतो. चोथ्यात मागे राहिलेल्याचा हिशेब त्यात येत नाही. पूर्ण ऊस सुरी-चक्कीत घालून त्याचा कीस तपासला, तरच साल, पेर, शेंडा, तंतू यांसह खरे चित्र दिसते.

दुसरी गोष्ट. जिभेला गोड लागणारे सगळेच साखरेच्या दाण्यात येत नाही. ऊस तोडून पडून राहिला की त्यातली साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते. चव गोडच राहते, पण त्यांचे दाणे पडत नाहीत आणि पोलरीमीटरमधला आकडा खाली येतो. आपल्या भागातून घाट चढून जाणाऱ्या उसाला हे फार लागू पडते. वैभववाडीकडून गगनबावड्याकडे जाणाऱ्या गाडीला चढ आहे, वळणे आहेत, रांग आहे. तोड आणि गाळप यांत जितके तास जास्त, तितके वजन आणि साखर कमी. नमुन्यालाही हाच नियम. दोन दिवस ओट्यावर पडलेला ऊस चक्कीत कितीही बारीक केला, तरी तो शिळ्या उसाचाच निकाल देणार.

इतर देशांत काय करतात?

काही देशांत प्रत्येक शेतकऱ्याच्या उसाची साखर स्वतंत्र मोजून पैसे देतात. ऑस्ट्रेलियात प्रत्येकाच्या उसातील मिळू शकणाऱ्या साखरेच्या अंशावर दर ठरतो. त्यासाठी पहिल्या मिलचा रस तपासतात आणि तंतूचा अंश कटर-ग्राइंडरमध्ये बारीक केलेल्या उसावरून काढतात. दक्षिण आफ्रिकेत १९७० च्या दशकापासून उसाचा नमुना बारीक करून पाण्यासह चक्कीत फोडतात आणि थेट तपासतात. ब्राझीलमध्ये १९८० च्या दशकात साओ पावलो भागात साखरेच्या अंशावर पैसे देणे सुरू झाले. तेथे बारीक केलेला ५०० ग्रॅम ऊस दाबयंत्राखाली एक मिनिट दाबून रस काढतात.

आपल्याकडे दर कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर ठरतो. जो स्वच्छ, पक्व, ताजा ऊस पाठवतो आणि जो वाढ्या-पाचटासकट शिळा ऊस पाठवतो, दोघांना एकच दर. चांगले पिकवणाऱ्यावर हा अन्याय आहे असे कोणी म्हटले, तर ते मला नाकारता येत नाही. पण प्रत्येकाचा ऊस स्वतंत्र मोजायचा म्हटले तर हजारो नमुने रोज बारीक करावे लागतील, आणि एका बोथट पात्याने एखाद्याच्या वर्षाच्या कमाईला कात्री लागेल. म्हणून आधी नमुन्याची आणि चक्कीची शिस्त पक्की व्हावी, मग स्वतंत्र दराचे बोलावे. घराचा पाया भरल्याशिवाय कौले चढवून भागत नाही.

पानाची पूड आणि मालवणची हवा

सुरी-चक्कीचा आणखी एक उपयोग सभासदांना थेट कामाचा आहे, तो म्हणजे पान-परीक्षण. मातीत काय आहे ते माती सांगते. पिकाला त्यातले किती मिळाले ते पान सांगते. उसाचे वरून तिसरे, पूर्ण उघडलेले पान घेतात, मधली शीर काढून टाकतात, धूळ-माती धुऊन काढतात आणि ६५-७० अंश सेल्सिअसला भट्टीत वाळवतात. मग सुरी-चक्कीत पूड करतात. या कामासाठी बहुधा एक मिलिमीटर किंवा त्याहून बारीक छिद्रांची चाळण वापरतात.

येथे आपल्या किनाऱ्याची हवा आडवी येते. मालवण, देवगड, वेंगुर्ले या पट्ट्यात पापड डब्याबाहेर ठेवला तर संध्याकाळपर्यंत मऊ पडतो, मीठ ओलावते. पानाची बारीक पूडही तशीच पाणी ओढते, आणि जितकी बारीक तितकी लवकर. पुडीने पाणी ओढले की वजन वाढते आणि त्यातले नत्र, स्फुरद, पालाश प्रत्यक्षाहून कमी दिसतात. मग सल्ला येतो, खत वाढवा! म्हणून पूड झाली की लगेच घट्ट बुचाच्या बाटलीत भरावी आणि वजन करण्यापूर्वी पुन्हा थोडी वाळवून घ्यावी. खाऱ्या हवेने पात्यांना गंज चढतो, तोही वेळच्या वेळी पुसावा.

गंजाचा मुद्दा आणखी एका कारणाने महत्त्वाचा आहे. पात्याचे पोलाद झिजते आणि त्यातले लोह पुडीत उतरते. नत्र-पालाश पाहायचे असेल तर त्याने बिघडत नाही. पण लोह पाहायचे असेल तर पानातले किती आणि पात्यातले किती, हे कोण सांगणार? पितळेच्या चाळणीतून तांबे आणि जस्त येते. सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या तपासणीला म्हणून वेगळ्या धातूची पाती आणि नायलॉनची चाळण वापरणे इष्ट. एका शेताची पूड झाली की चक्की झाडून पुसून मगच दुसऱ्या शेताची घालावी. नाहीतर खालच्या वाडीचे पालाश वरच्या वाडीच्या खात्यावर पडायचे!

मातीच्या नमुन्याला मात्र ही चक्की लावू नये. आपली जमीन जांभ्याची. मातीत जांभ्याचे खडे असतातच. सुरी-चक्कीत घातले तर पाती जातील, आणि फुटलेल्या खड्याची पूड मातीत मिसळून निकालही जाईल. माती सावलीत वाळवावी, ढेकळे लाकडी ठोकळ्याने हलकेच फोडावीत आणि दोन मिलिमीटरच्या चाळणीतून चाळावी. चाळणीवर राहिलेला खडा हा मातीचा भाग धरत नाहीत, तेव्हा तो बाजूला काढावा. उसाला जो नियम, त्याच्या बरोबर उलटा मातीला. हे ध्यानात ठेवावे.

चक्की खरी बोलते का, हे कसे ओळखावे?

याला मोठी विद्या लागत नाही. तीन साध्या कसोट्या आहेत.

पहिली. नमुन्याचे वजन चक्कीत घालण्यापूर्वी आणि बाहेर काढल्यावर करून पाहावे. वजन घटले तर रस पिंपाला लागला किंवा पाणी उडाले.

दुसरी. एकाच बगॅसच्या नमुन्याचे मिसळून दोन भाग करावेत. एक नेहमीइतका वेळ फिरवावा, दुसरा दुप्पट वेळ. थंड पाणी नीट खेळत असताना दुसऱ्यात साखर जास्त निघाली, तर नेहमीचा वेळ अपुरा आहे किंवा पाती बोथट आहेत. दोन्ही सारखे आले तर चिंता नाही.

तिसरी. एकच नमुना दोन वेळा, दोन पाळ्यांत, दोन माणसांकडून तपासून घ्यावा. आकडे जुळले तर विश्वास ठेवावा.

पात्यांना धार कधी लावली, ती कधी बदलली, याची नोंदवही प्रयोगशाळेत असावी. वजनकाट्याचा दाखला आपण हक्काने पाहतो, तशीच ही वहीदेखील सभासदाने पाहायला मागावी. तुम्ही भागधारक आहात. विचारण्यात संकोच नको आणि सांगण्यात कारखान्यालाही संकोच नसावा.

सभासदांनी एवढे करावे

प्रयोगशाळेतली चक्की केमिस्टच्या हाती आहे, पण नमुन्याची पहिली पायरी तुमच्या शेतात आहे. ती चुकली तर पुढे कोणी सुधारू शकत नाही.

१. नमुन्याचे ऊस शेताच्या बांधावरून किंवा पाटाच्या कडेने घेऊ नयेत. तेथला ऊस बहुधा जाड आणि वेगळा असतो. शेतात तिरके चालत जाऊन निरनिराळ्या ठिकाणचे घ्यावेत, चांगले आणि बारीक दोन्ही.

२. ऊस जमिनीलगत तोडावा. बुडखा शेतात ठेवून नमुना देऊ नये. साखर तेथेच जास्त असते.

३. नमुन्याचे तुकडे करू नयेत. प्रत्येक कापलेल्या तोंडातून रस सुकतो आणि तेथून आंबायला सुरुवात होते. अखंड ऊस ओल्या गोणपाटात गुंडाळून त्याच दिवशी पोहोचवावा.

४. चिठ्ठीवर गट नंबर, जात, लागण की खोडवा, लागणीची तारीख आणि तोडल्याची वेळ लिहावी. वेळ लिहायला विसरू नये.

५. गाळपाचा ऊस पाठवताना पाचट आणि वाढे साफ काढावेत. तोडणी टोळीजवळ उभे राहून तेवढे करून घ्यावे. पाचट मिलमध्ये साखर पिऊन जाते, हे वर सांगितलेच आहे.

६. निकाल आला की फक्त आकडा वाचून कागद खिशात घालू नये. नमुना कधीचा, बारीक कधी केला, तपासला कधी, एवढे तीन प्रश्न विचारावेत.

पान-मातीचा नमुना कसा घ्यावा याबद्दल शंका असल्यास मालवण तालुक्यात किर्लोस येथील कृषी विज्ञान केंद्रात किंवा आमच्या ऊस विकास विभागात अवश्य विचारावे.

बंधू-भगिनींनो, सहकार म्हणजे नुसता सामाईक भांडवलाचा धंदा नव्हे, सामाईक हिशेबही आहे. हिशेबाचा आकडा जिथून जन्मतो, ते ठिकाण प्रत्येक भागधारकाने एकदा तरी पाहिले पाहिजे. या हंगामात कारखान्यावर आलात की काट्यावरून परस्पर घरी परतू नका. दहा मिनिटे काढून प्रयोगशाळेत डोकवा, आणि ती लहानशी चक्की चालताना पाहा. पात्याला धार आहे ना, एवढे विचारा. आपला ऊस हलका होता की मिल सैल होती, याचे खरे उत्तर त्या धारेवर अवलंबून आहे.